आजीची आजी कोण?

लग्नाच्या हॉलमध्ये, मलिद्याच्या ताटाभोवती किंवा शब्बाथची प्रार्थना आटोपून सिनेगॉगच्या पायऱ्या उतरताना आपली चार वडीलधारी माणसे जमली, की बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. मुले ऐकत नाहीत. सुना फोन करीत नाहीत. नातवंडांना मराठी कळत नाही, आणि कळले तरी ती उत्तर हिब्रूतच देतात. मग कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणते, "आमच्या वेळी असे नव्हते हो." आम्हीही त्या घोळक्यात उभे असतो आणि मानही डोलवतो. पण घरी आल्यावर मनात येते, खरोखरच आमच्या वेळी असे नव्हते काय? आणि आमच्या वडिलांच्या वेळी? आजोबांच्या वेळी? आपल्या समाजाचा जो थोडाफार इतिहास लिहून ठेवलेला आहे तो चाळला, तर हे गाऱ्हाणे आपल्यापेक्षा पुष्कळच जुने असावे असे आम्हांस वाटते.

कोकणात आपण 'शनिवार तेली' होतो. घाणा बापाचा, बैल बापाचा आणि शनिवारी घाणा जुंपायचा नाही हे सांगणाराही बापच. पुस्तक कोणाजवळ नव्हते. शेमाची ओळ, आठव्या दिवशीची सुंता, शब्बाथ, खवल्याची मासळी खावी व बिनखवल्याची टाकावी हा नेम, हे सारे तोंडातून कानात आणि कानातून तोंडात असे चालत आले. सणांची नावेसुद्धा आपण स्वयंपाकघरातून आणि दारातून घेतली. आंबटाचे मडके झाकून ठेवायचे तो अनाशी ढाकाचा सण, किप्पूरचा तो दार फाळणीचा सण, खीर करायची तो खिरीचा सण, वालाचे बिरडे खायचे तो बिरड्याचा रोजा. अशा समाजात म्हाताऱ्या माणसाचा मान राहतो यात नवल नाही. म्हातारा हेच पुस्तक होते. तो गेला की एक पोथी जळाली.

मग दावीद रहाबी आले. ते कोण, कुठले व नक्की केव्हा आले याविषयी विद्वानांचे एकमत नाही. परंपरा एवढे सांगते, की त्यांनी झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्माचे शिक्षण देऊन काजी केले. आम्हांला या गोष्टीत नेहमी एक गंमत वाटते. काल-परवापर्यंत ज्या घरात वडील सांगतील तो धर्म होता, तेथे आता शिकून आलेला माणूस सांगू लागला, की काका, हे असे नसते, ते तसे असते. काका काय म्हणाले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. काही तरी म्हणाले असतीलच.

अठराव्या शतकात आपली माणसे मुंबईला येऊ लागली व कंपनीच्या पलटणीत शिरली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकियल, हे त्यांतले सर्वांत नामांकित. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. (होय, मशीदच. सिनेगॉग हा शब्द आपल्याकडे मागाहून आला. आमच्या आजीने तो मरेपर्यंत वापरला नाही.) घाणा मागे राहिला आणि मुलगा हवालदार होऊन गावी येऊ लागला. पुढे मिशनच्या शाळा निघाल्या. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले व त्यांनी आपल्या मुलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. आईबापांस भीती, की पोरगा बाटेल. तरीही त्यांनी मुलांना शाळेत घातले, आणि बाटले ते फारच थोडे. मुले मात्र हिब्रू वाचू लागली. ज्या बापाला सगळा नेम तोंडपाठ, त्याला अक्षर येईना. ज्या मुलाला अक्षर येई, तो बापाला पानावर बोट ठेवून दाखवू लागला. पुण्याला १८७४ साली छापलेल्या हगादामध्ये हिब्रूशेजारी मराठी आहे, आणि चित्रात लुगडी नेसलेल्या आपल्या बायका मात्सा करीत बसल्या आहेत. लुगड्यातली आजी आणि हिब्रू वाचणारा नातू त्या एकाच पुस्तकात सुखाने नांदत होते असे चित्रावरून वाटते. घरात तितके सुख असेल की नाही, कोण जाणे.

कीर्तनाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. आज आपण म्हणतो, की आपली जुनी कीर्तने गेली, तरुणांना त्यांची गोडी नाही. पण आपल्यात कीर्तन सुरू झाले १८८० च्या सुमारास, आणि ते सुरू केले तेव्हाच्या उत्साही मंडळींनी. हरिदासांची कीर्तने त्यांनी ऐकली होती. त्यांनी म्हटले, आब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा याच चालींवर का सांगू नयेत? म्हणजे तेव्हाची ती नवी टूम होती! तीच आज आम्हांला वाडवडिलांची ठेव वाटते. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी मित्रांसह १८७५ साली समाजाची शाळा काढली. आपला इतिहासही त्यांनीच लिहिला, तो इंग्रजीत, १८९७ च्या सुमारास. तो छापून निघाला १९३७ साली, आणि कोठे, तर तेल अवीवला. पुस्तक आमच्या आधी अलिया करून आले. १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनहून आणलेल्या विचारांवर मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन काढली, तेव्हा स्त्रीपुरुषांनी एकत्र बसून प्रार्थना करावी की काय यावर घराघरांत वाद झाले असणार. असो. हे सारे मुंबईच्या चाळींतले वाद होते. बाप आणि मुलगा भांडत, पण एकाच भाषेत भांडत.

ती सोय येथे आल्यावर राहिली नाही.

१९४८ नंतर आपण येऊ लागलो. तेव्हा भारतात आपण वीस हजारांच्या आसपास होतो. पुष्कळ घरांत आधी तरुण आले, मग त्यांनी आईबापांना बोलावले. प्रथम आलेल्यांपैकी बेरशेबाकडच्या काहींना येथील वागणूक सहन झाली नाही. त्यांनी धरणे धरले, आणि १९५२ साली शंभरावर माणसे विमानाने मुंबईस परतली. त्यांतील बहुतेकांना पुढे पुन्हा येथेच यावेसे वाटले, हेही तितकेच खरे. आमचे कुटुंब उशिराने, १९६३ साली आले आणि दिमोनास राहिले. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. घरात आई, बाबा, आमच्याहून दहा वर्षांनी मोठी ताई आणि आईची आई. आजीला मुलगा नव्हता, म्हणून ती आमच्याकडेच असे.

बाबा भायखळ्याला रेल्वेत कारकून होते. टाय लावून कामावर जात. इंग्रजी असे लिहीत, की साहेब त्यांच्याकडून आपली पत्रे तपासून घेई. दिमोनात त्यांना कापडाच्या गिरणीत काम मिळाले, पाळीचे. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा येणारा हा माणूस येथे मुका झाला. प्रार्थनेचे हिब्रू पाठ, पण बाजारातले हिब्रू शून्य! संध्याकाळी उल्पानमध्ये लहान बाकावर गुडघे दुमडून बसत आणि घरी येऊन आम्हांला क्रियापदे विचारीत. आम्ही शाळेत सहा महिन्यांत बोलू लागलो होतो. आम्ही हसत असू. मुले हसतातच.

एकदा कसल्याशा कागदावर शिक्का हवा होता, म्हणून बाबा आम्हांला कचेरीत घेऊन गेले. आपल्यापैकी ज्यांचे बालपण येथे गेले त्या सगळ्यांना ही कचेरी ठाऊक आहे. गाव कोणतेही असो, टेबल तेच. टेबलापलीकडचा माणूस बाबांकडे न बघता आमच्याशी बोलला. कागद अपुरे आहेत, उद्या या, असे तो म्हणाला. आणि इतके महिने झाले तरी तुझ्या बापाला भाषा शिकता येत नाही काय, असेही म्हणाला. बाबांनी विचारले, "काय म्हणतात?" आम्ही म्हटले, "उद्या या म्हणतात." रस्त्यात बाबा काही बोलले नाहीत. घराच्या जिन्यात आल्यावर म्हणाले, "बरं झालं, एवढंच सांगितलंस."

त्यांना कळले होते. शब्द कळले नव्हते, पण सूर कळला होता. त्या दिवसापासून घरात कोण मोठे आणि कोण लहान, याचा हिशेब कोठे तरी चुकला. विजेचे बिल आम्ही वाचीत होतो, डॉक्टरांना आजीचे दुखणे आम्ही सांगत होतो, शाळेतून आमच्याच खोड्यांबद्दल आलेली चिठ्ठी आम्हीच वाचून दाखवीत होतो, आणि ती कशी वाचली असेल ते सांगायला नको. बाप मुलाला रागावतो कशाच्या जोरावर? त्याला जास्त कळते या जोरावर. तो जोरच गेला, तेव्हा काही बाप गप्प झाले आणि काही वाजवीपेक्षा जास्त ओरडू लागले. आमचे बाबा गप्प झाले.

अशात १९६४ चा उन्हाळा आला.

त्याची पार्श्वभूमी आपल्या तरुण वाचकांना माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६१ साली मुख्य रब्बिनेटने ठरवले, की बेने इस्राएलांशी लग्ने करण्यास हरकत नाही. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये लग्न नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या, की बेने इस्राएल आणि इतर यहुदी यांचे लग्न असेल, तर मुलाची वा मुलीची आई, तिची आई, असे शक्य तितके मागे जाऊन त्या यहुदी होत्या की नाही ते तपासावे. पूर्वजांत काडीमोडीनंतरचे वा निषिद्ध नात्यातले लग्न झाले होते काय, तेही पाहावे. शक्य तितके मागे म्हणजे किती? ते कोणी सांगितले नाही. समाजात आग भडकली. ज्या कोकणात शेजाऱ्यांनी शेकडो वर्षे आपल्याला शनिवारवरून ओळखले, कधी 'तुम्ही कोण' म्हणून छळले नाही, तेथून आपल्या देशात आलो आणि आपल्याच माणसांनी विचारले, तुझ्या आजीची आजी कोण?

आमच्या घरात हा प्रश्न वर्तमानपत्रातून नव्हे, तर ताईमुळे आला. तिने एक मुलगा पसंत केला होता. मोरोक्कोहून आलेल्या घरातला. बाबांची पहिली हरकत अगदी घरगुती होती. "आपल्यातला कोणी मिळाला नाही?" ते म्हणाले. आजीने मात्र एवढेच विचारले, "हातात धंदा आहे का?" मुलगा वीजतंत्री होता. आजीचे समाधान झाले. मग सूचनांची गोष्ट कळली आणि सारेच फिरले.

बाबांचे मत, की रब्बींच्या तोंडी लागू नये. आईची केतुबा ट्रंकेत आहे, मुंबईच्या मशिदीतून पत्र मागवू, जे मागतील ते नम्रपणे दाखवू आणि मोकळे होऊ. ताईचे मत अगदी उलटे. "माझ्या कारखान्यातल्या पोलंडच्या पोरीला कोणी विचारतं का तिची आजी कोण? मग मलाच का?" आवाज चढले. बाबा पुष्कळ दिवसांनी मोठ्याने बोलले.

या गडबडीत आजी चटईवर बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अरे, भांडता कशाला? मला विचारा ना. मी सांगते." आणि तिने खरोखरच सांगायला सुरुवात केली. आपली आई कोण, कोणत्या गावची. तिची आई कोण, कोणत्या गावची. प्रत्येकीची दोन नावे, एक शास्त्रातले आणि एक गावातले. पेण झाले, अष्टमी झाली, पुढे रेवदंड्याच्या बाजूचे कोणते तरी गाव आले. आपली आडनावे म्हणजे कोकणचा नकाशाच. पण आडनाव बापाकडून येते. ही आयांची माळ कागदावर कोठेच नव्हती; ती आजीपाशी होती. तिच्या आवाजात भांडण नव्हते. कोणी तरी एकदा नीट विचारते आहे, याचाच तिला आनंद झालेला दिसत होता.

ताई एकदम ओरडली, "आजी, गप्प बस! कोणाला काही सांगायचं नाही. एक नाव सांगायचं नाही."

आजी गप्प बसली. सूप उचलून आत गेली.

आज इतक्या वर्षांनी विचार केला, तर ताईचे चुकले असे म्हणवत नाही. नाव सांगणे म्हणजे प्रश्न कबूल करणे, हे तिला वीस वर्षांच्या वयात जितके स्वच्छ दिसत होते तितके बाबांना पन्नाशीत दिसले नाही. आणि त्या उन्हाळ्यात समाजाच्या हाती जे लागले ते ताईसारख्यांच्या हट्टामुळेच लागले. पण आजीचा चेहराही डोळ्यांपुढून जात नाही.

उन्हाळ्यात दूरदूरच्या गावांतून आपली माणसे यरुशलेमला गेली व धरणे धरून बसली. बायका होत्या, कडेवर मुले होती, काहींनी उपोषण केले. ताई जायला निघाली त्या पहाटे आजी नऊवारी नेसून, हातात डबा घेऊन दाराशी बसलेली. "मी पण येणार." ताई म्हणाली, ऊन फार असते. आजी म्हणाली, "पेणला काय सावली होती?" दोघी बसने गेल्या. आजी दिवसभर रस्त्याच्या कडेला बसली. येणारेजाणारे तिच्या लुगड्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे, असे ताई सांगते. बाबा गेले नाहीत. गिरणीत पाळी आहे म्हणाले.

ता. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक झाली व सरकारने जाहीर केले, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत आणि त्यांच्यात व इतर यहुद्यांत काही भेद नाही. ३१ ऑगस्टला रब्बिनेटने सूचनांतून बेने इस्राएलांचे नाव काढले. ज्याच्याविषयी संशय असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असे शब्द घातले. जिंकलो की अर्धे जिंकलो, यावर आपल्यात पुढे बरीच वर्षे वाद चालला. ताईचे लग्न पुढच्या वर्षी झाले. बाबा गेल्यावर त्यांच्या सिदूरमध्ये त्या दिवसाच्या वर्तमानपत्राचे कात्रण निघाले, घडीवर घडी घातलेले. त्यांनी ते कधी कोणाला दाखवले नव्हते.

आजी १९७१ साली गेली. त्या दुपारनंतर तिने ती माळ पुन्हा म्हटली नाही. कोणी तिला विचारलेही नाही, आम्हीही नाही. तेव्हा आम्ही सैन्यात होतो आणि आम्हांला हिब्रूत बोलणारा, हिब्रूत विनोद करणारा, आपल्या घरात मसाल्याचा वास येतो याची लाज वाटणारा इस्राएली व्हायचे होते. आमच्या आईने मराठीत हाक मारली की आम्ही मित्रांसमोर हिब्रूत 'ओ' देत होतो. तेव्हा आज नातवंडांवर रागावताना आमचा आवाज फारसा चढत नाही, याचे कारण वाचकांच्या ध्यानात आले असेल.

नातवंडांचे तर विचारूच नका. सैन्यातून सुटली की पाठीवर पिशवी टाकून भारतात जातात. आमचा एक नातू गोव्याला आणि मनालीला मिळून पाच महिने राहून आला. अलिबागला अर्धा दिवस. नवगावला आपल्या पूर्वजांचे दफनस्थान आहे, तेथे उभे राहून त्याने फोटो मात्र पाठवला. परत आल्यावर आम्हांला हिंदीत म्हणाला, "चाय पियोगे?" लग्नाआधी मेंदी हवीच, असा हट्ट आता नाती धरतात. साठ वर्षांपूर्वी त्यांच्याच आज्या हाताची मेंदी कामावर दिसू नये म्हणून धडपडत होत्या. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे आता वय झाले आहे आणि हिब्रू त्यांच्या डोक्यातून हळूहळू पुसत चालले आहे. राहिली आहे ती मराठी. मुले कशीबशी समजून घेतात, नातवंडे नुसती हात धरून बसतात. केरळहून आलेली सेविका त्यांच्याशी हिंदीत बोलते आणि दोघींचे बरे चालले आहे.

गेल्या वर्षी आमची सर्वांत धाकटी नात, बारा वर्षांची, वही घेऊन आमच्यासमोर येऊन बसली. येथील शाळांत त्या वयाच्या मुलांना आपल्या घराण्याच्या मुळांविषयी लिहायला देतात, ते आपण सर्व जाणतोच. वहीत झाडाचे चित्र, फांद्यांवर चौकोन. तिने पेन्सिल उगारून विचारले, "साबा, तुझ्या आजीची आजी कोण होती?"

आम्ही आई सांगितली. आजी सांगितली. आजीची आई पेणची, तिचे शास्त्रातले नाव आठवले, गावातले आठवले नाही. तिची आई अष्टमीची. नाव नाही. त्या पलीकडे काही नाही. नात वाट बघत होती. आम्ही ताईला फोन लावला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाला कमी येते. प्रश्न दोनदा मोठ्याने सांगावा लागला, एकदा मराठीत आणि एकदा हिब्रूत.

"रेवदंड्याच्या बाजूचं होतं काहीतरी," ताई म्हणाली. "थळ म्हणाली होती का? नाही, थळ दुसरीकडे." मग बराच वेळ फोनवर कोणीच बोलले नाही.

नातीने पाचव्या चौकोनात पेन्सिलीने उजवीकडून डावीकडे 'थळ' असे लिहिले आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढले.